साठीनंतर रॉथचा दरवाजा बंद होत नाही

एकच मेसेज या महिन्यात मला चार ग्रुपांवर आला. ‘ज्येष्ठांनो, सावध!’ अशी सुरुवात आणि खाली अमेरिकेतल्या रिटायरमेंटच्या पैशांबद्दल पाच ठाम विधानं. साठीनंतर किंवा नोकरी सुटल्यावर ट्रॅडिशनल आयआरएतले, म्हणजे कर पुढे ढकलून साठवायच्या निवृत्तीखात्यातले पैसे रॉथमध्ये, म्हणजे आधी कर भरून नंतर करमुक्त काढायच्या खात्यात, वळवता येत नाहीत. वळवलेच तर पाच वर्षं त्यांना हात लावता येत नाही. त्र्याहत्तरीनंतर सक्तीने काढावी लागणारी रक्कम, म्हणजे आरएमडी, तीच रॉथमध्ये टाकली की कर वाचतो. ज्यांना अजून जमतंय त्यांनी सगळी रक्कम एकदम वळवून मोकळं व्हावं, नाही पटलं तर १५ एप्रिलपर्यंत उलटवता येतं. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे भारतात परतून मग वळवावं, तिथे अमेरिकेचा कर लागत नाही.

यातलं एकही विधान खरं नाही. आणि हे वाचून आपल्यातलीच माणसं आयुष्यभराच्या बचतीचे निर्णय घेतात, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिलं विधान चटकन निकालात निघतं. रॉथ आयआरए १९९८ साली सुरू झाली. तिच्यात नव्याने पैसे भरायचे तर त्या वर्षी कमाईचं उत्पन्न लागतं, आणि एकूण उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावं लागतं. पण कन्व्हर्जन, म्हणजे हे वळवणं, हा भरणा नव्हे. जुने पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातात आणि त्यांच्यावरचा पुढे ढकललेला कर आपण त्या वर्षी भरतो, एवढंच. त्याला ना वयाची अट, ना पगाराची. पूर्वी वर्षाला १ लाख डॉलरच्या वर उत्पन्न असेल तर कन्व्हर्जन करता येत नसे. २०१०पासून तीही अट गेली. ऐंशीव्या वर्षीही करता येतं.

पाच वर्षांच्या नियमाची भीती मात्र खूप जणांच्या मनात घर करून आहे, कारण नियम दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक नियम कन्व्हर्ट केलेल्या मुद्दलाचा. ते पाच वर्षांच्या आत काढलं तर १० टक्के दंड, पण हा फक्त साडेएकोणसाठच्या आतल्यांसाठी. दुसरा नियम वाढीचा. आयुष्यातली पहिली रॉथ आयआरए ज्या वर्षी सुरू झाली, त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून पाच वर्षं मोजायची. तोवर वाढीवर कर लागू शकतो. समजा, एकाहत्तर वर्षांच्या बाईंनी २०२५मध्ये पहिल्यांदाच रॉथ उघडून १ लाख डॉलर वळवले आणि त्याचे १ लाख ८ हजार झाले. १ लाख त्या दुसऱ्या दिवशीही काढू शकतात, ना कर ना दंड. पैसे काढताना आधी मुद्दल निघालं असं धरतात, वाढ सगळ्यात शेवटी. वरचे ८ हजार २०३०च्या आत काढले, तरच त्या ८ हजारांवर कर. आणि दहा वर्षांपूर्वी कधी कुठे हजार डॉलरची रॉथ आयआरए उघडली असेल, तर तोही प्रश्न मिटला.

आरएमडीचा सल्ला मात्र निव्वळ चुकीचा नाही, घातक आहे. ही रक्कम रॉथमध्ये वळवायला कायद्याने मनाई आहे. ज्या वर्षी आरएमडी लागू आहे, त्या वर्षी आयआरएतून आधी ती पूर्ण काढायची, तिच्यावर कर भरायचा आणि मग उरलेल्यातून हवं तेवढं वळवायचं. ती रॉथमध्ये गेलीच, तर जादा भरणा समजून दुरुस्त करेपर्यंत दर वर्षी ६ टक्के दंड लागतो. पहिली आरएमडी पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत लांबवता येते. पण त्याच वर्षी कन्व्हर्जन करायचं तर ही सवलत उपयोगाची नाही, आरएमडी आधीच काढावी लागते. १९५१ ते १९५९ दरम्यान जन्मलेल्यांना ती त्र्याहत्तराव्या वर्षी सुरू होते, १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना पंचाहत्तराव्या. नोकरी थांबल्यापासून तिथपर्यंतची जी मधली वर्षं, तीच खरी कन्व्हर्जनची.

आता ‘एकदम वळवून मोकळं व्हा’. इथे थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो.

२०२५चे आकडे घेऊ. नवरा-बायको दोघंही ६६ वर्षांचे, एकत्र रिटर्न भरणारे. कंपनीची पेन्शन वर्षाला ४० हजार, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) अजून सुरू केलेली नाही, आयआरएत ४ लाख. स्टँडर्ड डिडक्शन वयाच्या जादा रकमेसह ३४,७००. शिवाय २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी पासष्टीपुढच्यांना माणशी ६ हजारांची नवी वजावट आहे, ती दोघांची मिळून १२ हजार. त्यांनी त्या वर्षी १ लाख वळवले तर फेडरल कर सुमारे १०,७०० डॉलर होतो, म्हणजे ११ टक्क्यांच्याही आत. असं चार वर्षं केलं, तर याच हिशेबाने सगळ्याचा मिळून साधारण ४३ हजार. आता तेच ४ लाख एकाच वर्षी वळवले, तर उत्पन्न ४ लाख ४० हजारांवर जातं, ज्येष्ठांची नवी वजावट पूर्ण नाहीशी होते, शेवटचे डॉलर ३२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे कराच्या टप्प्यात, पोचतात आणि कर होतो जवळजवळ ८४ हजार. पैसे तेच, माणसं तीच, कर दुप्पट. राज्याचा कर वेगळाच. न्यू जर्सीत तर एकूण उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की पेन्शनवरची राज्याची सूट त्या वर्षापुरती सगळीच जाते.

याशिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. ओळखीतले एक काका मागच्या वर्षी पत्र घेऊन माझ्या डायनिंग टेबलाशी येऊन बसले. त्यातल्या पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, महिन्याचा हप्ता १८५ डॉलर असायला हवा होता, पत्रात २५९. काकूंच्या पत्रातही तोच आकडा. २०२५चा हप्ता २०२३च्या उत्पन्नावर ठरतो, दोन वर्षं मागचा; आणि २०२३मध्ये काकांनी एक गोल आकडा धरून कन्व्हर्जन केलं होतं. जोडप्यासाठी मर्यादा होती २ लाख १२ हजार, त्यांचं उत्पन्न तिच्यापेक्षा ९०० डॉलरने जास्त भरलं. इथे कराच्या ब्रॅकेटसारखं वरच्या तेवढ्याच रकमेवर जादा लागत नाही. मर्यादा एका डॉलरने ओलांडली तरी पूर्ण हप्ता वाढतो. पार्ट डीच्या (औषधांच्या विम्याच्या) अधिभारासकट दोघांना मिळून वर्षाला २,१०० डॉलरचा फटका. काकांनी तक्रारीचा फॉर्म भरायला काढला होता. त्यातल्या कारणांच्या यादीवर मी बोट ठेवलं: निवृत्ती, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू. कन्व्हर्जन त्यात नाही. फॉर्म तसाच घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

‘नाही पटलं तर १५ एप्रिलपर्यंत उलटवा’ हे एकेकाळी खरं होतं. ती सोय २०१८पासून बंद झाली. आता एकदा वळवलं की वळवलं. त्या वर्षात धरायचं तर मुदतही ३१ डिसेंबरची आहे, रिटर्न भरायच्या तारखेची नाही.

भारतात परतण्याबद्दल: अमेरिकेच्या नागरिकाला जगात कुठेही राहिलं तरी अमेरिकेचा कर चुकत नाही. परतल्यावर सुरुवातीची काही वर्षं आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नाही) या दर्जामुळे भारत परदेशातल्या उत्पन्नावर कर घेत नाही, या अर्ध्या सत्यावर ते विधान उभं आहे. सवलत भारताची आहे, अमेरिकेची नव्हे.

सगळ्यांनी कन्व्हर्जन करावंच असं मी म्हणत नाही. कर भरायला आयआरएच्या बाहेर पैसे नसतील तर करू नये असंच माझं मत आहे. आयआरएतून देणगी द्यायचा विचार असेल, तर साडेसत्तरीनंतर थेट संस्थेला देता येतं आणि त्या रकमेवर करच लागत नाही. ते पैसे आधी कर भरून रॉथमध्ये कशाला न्यायचे?

पण एक गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहणाऱ्याचं रिटर्न पुढे ‘सिंगल’ होतं. २०२५मध्ये जोडप्याला २२ टक्क्यांचं ब्रॅकेट ९६,९५० डॉलरनंतर लागतं, एकट्याला ४८,४७५नंतर. उत्पन्न मात्र निम्मं होत नाही. आयआरए तेवढीच असते, आरएमडी तेवढीच असते. आपल्या घरांत पैशांचं सगळं बहुतेक वेळा काकाच पाहतात आणि हा वाढलेला कर भरायची वेळ काकूंवर येते. दोघं असताना, खालच्या ब्रॅकेटमध्ये, दर वर्षी थोडं थोडं वळवण्यामागचं माझ्या लेखी मोठं कारण हेच.

ते काका आता दर नोव्हेंबरमध्ये कागद घेऊन येतात. वर्षाचं उत्पन्न मांडतो, मर्यादेच्या ५ हजार आधी थांबतो आणि तेवढंच वळवतो. यंदा मी काकूंनाही बोलावलं होतं. त्यांनी स्वतःच्या वहीत सगळे आकडे उतरवून घेतले, पासवर्डसकट.