स्लॅपडीला रोज रीस्टार्ट: जखम मांडीला, मलम शेंडीला

‘ओपनएलडॅपचा स्लॅपडी मेमरी खातो, कारण त्यात लीक आहे. कॅश कमी करा, मॅक्ससाइझ घटवा आणि क्रॉन लावून रोज पहाटे रीस्टार्ट मारा.’ हा सल्ला इतका फिरलाय की नवीन अ‍ॅडमिन तो नियमच समजतात. स्लॅपडी हा ओपनएलडॅप या डिरेक्टरी सॉफ्टवेअरचा सर्व्हर; खाती आणि पासवर्ड तोच सांभाळतो. लीक म्हणजे घेतलेली मेमरी काम झाल्यावरही न सोडणारा बग. अख्ख्या संस्थेचं लॉगिन ज्या सर्व्हरवर चालतं, तो कारण न शोधता रोज बंद करायचा, हे मला अजिबात पटत नाही.

आधी ‘मेमरी खातो’ हेच तपासू. टॉप कमांडमधला व्हर्टचा (VIRT) आकडा म्हणजे राखून ठेवलेली पत्त्यांची जागा, वापरलेली रॅम नव्हे. एमडीबी बॅकएंड, म्हणजे स्लॅपडीचा डेटा साठवणारा भाग, डेटाबेस फाइल थेट मेमरीत मॅप करतो. मॅक्ससाइझ, म्हणजे या मॅपची कमाल मर्यादा, 50 जीबी ठेवलंत तर आत 200 एमबी डेटा असला तरी व्हर्ट 50 जीबीच्या वरच दिसणार. रेसचा (RES), म्हणजे प्रत्यक्ष रॅममधल्या मेमरीचा, आकडाही जपून वाचावा लागतो, कारण मॅप केलेल्या फाइलची वाचून झालेली पानं त्यातच धरली जातात. ती पानं पेज कॅशमधली, म्हणजे कर्नलने फाइल वाचून रॅममध्ये ठेवलेल्या प्रतीतली. दुसऱ्या प्रोसेसला रॅम लागली की कर्नल ती मोकळी करू शकतो.

म्हणून प्रॉकमध्ये (/proc) स्लॅपडीच्या पीआयडीखालची, म्हणजे प्रोसेस क्रमांकाखालची, स्टेटस फाइल उघडा. व्हीएमआरएसएसच्या, म्हणजे त्याच रेसच्या, खाली त्याची फोड असते: आरएसएस-अ‍ॅनन आणि आरएसएस-फाइल. पहिली प्रोसेसने स्वतःसाठी घेतलेली मेमरी, दुसरी मॅप केलेल्या फाइलची. समजा एकूण 6 जीबीपैकी फाइलचे 5.6 आणि अ‍ॅननचे 0.4 जीबी आहेत, तर तिथे लीक शोधत बसू नका. उलट, अ‍ॅननच 5 जीबी असेल तर प्रकरण गंभीर आहे.

‘पण रीस्टार्टनंतर मेमरी खाली येते ना?’ हा पुरावा सगळ्यांना पटतो आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. नव्या प्रोसेसने अजून पानांना हात लावलेला नसतो, म्हणून रेस कमी दिसतो. फाइलची पानं बहुतेक वेळा पेज कॅशमध्ये तशीच असतात. फ्री कमांडमध्ये बफ-कॅशचा आकडा बघा. आणि खरंच अ‍ॅनन वाढत असेल, तर रीस्टार्टने त्याचा मागही पुसला जातो.

कॅश कमी करण्याचा सल्ला जुन्या बीडीबी आणि एचडीबी बॅकएंडच्या काळातला. तिथे नोंदींची वेगळी कॅश असायची. 2.5 आवृत्तीत ते दोन्ही बॅकएंड काढून टाकले, आणि एमडीबीत अशी कॅशच नाही. मॅक्ससाइझ घटवणं तर धोक्याचं: रॅम वाचत नाही, आणि मॅप भरला की नवीन नोंद किंवा पासवर्ड बदल नाकारला जातो.

कंटेनरवाल्यांची तक्रार मात्र खरी असते. रिकामी डिरेक्टरी सुरू केली आणि लगेच शेकडो एमबी गेले, हे होतं. पण तेही लीक नव्हे. जितके फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल आणि कनेक्शनचे क्रमांक) उघडता येतील, तितक्या कनेक्शनचा तक्ता स्लॅपडी सुरुवातीलाच मांडतो. डॉकरमध्ये नोफाइलची, म्हणजे या डिस्क्रिप्टरची, मर्यादा 10,48,576 किंवा त्याहून कितीतरी जास्त असू शकते. ती 1024 केली की आकडा धाडकन उतरतो. तुमची एका वेळची कनेक्शन त्याहून जास्त असतील, तर त्या हिशेबाने ठेवा.

आता अ‍ॅनन खरोखर चढत असेल तर? आधी क्लायंट बघा. सर्चला साइझलिमिट, म्हणजे किती नोंदी परत द्यायच्या याची मर्यादा, डिफॉल्ट 500 असते, पण रूटडीएनला (डिरेक्टरीच्या सर्वाधिकारी खात्याला) ती लागू होत नाही, आणि अ‍ॅप्लिकेशन सर्रास रूटडीएनने बाइंड (लॉगिन) केलेली आढळतात. हे आधी बंद करा. मग ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीतला, प्रोग्रामला मेमरी देणारा मॅलॉक: 64 बिट मशीनवर तो कोअरमागे 8 एरिनांपर्यंत (मेमरीच्या वेगळ्या साठ्यांपर्यंत) जातो, आणि मोकळी झालेली मेमरी तुकड्यांत अडकून राहते. मॅलॉक-एरिना-मॅक्स 2 ठेवून किंवा त्याच्याऐवजी टीसीमॅलॉक लावून त्याच लोडवर पुन्हा मोजा. आलेख एका पातळीला येऊन थांबला, तर ते फ्रॅगमेंटेशन होतं.

त्यानंतरही चढतच राहिला, तर लीक माना. डिरेक्टरी सर्व्हरमध्ये लीक होतच नाही असं कुणी म्हणू नये. मार्च 2024 च्या विंडोज अपडेटनंतर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेन कंट्रोलरांवर एलसॅस या लॉगिन तपासणाऱ्या प्रोसेसमध्ये लीक झालं, काही सर्व्हर आपोआप रीबूट झाले, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात तातडीचा पॅच काढला. स्लॅपडीच्या बाबतीतही आवृत्ती, कॉन्फिग, अ‍ॅननचा काही दिवसांचा आलेख आणि शक्य असेल तर टेस्ट सर्व्हरवरचा व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या टूलचा अहवाल बग रिपोर्टला जोडा, म्हणजे डेव्हलपरला हात घालायला जागा मिळते.