डाव्या चाकाचा ताप

मराठीचा शिक्षक म्हणून बत्तीस वर्षे काढल्यावर निवृत्तीच्या पैशांचे काय करावे, याविषयी माझ्या मेहुण्याचे मत ठाम होते आणि त्या मताला सहा चाके होती. परिणामी पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावी, घरासमोरच्या कडुनिंबाखाली, एक वापरलेला ट्रक येऊन उभा राहिला. जिनिंगमधून कापसाच्या गाठी वाहायच्या, हा त्याचा धंदा. एक गाठ १७० किलोची. अशा पन्नास गाठी, म्हणजे साडेआठ टन माल पाठीवर असताना ट्रकने वाटेल तिथे नव्हे, सांगितले तिथे थांबावे, एवढीच माझी त्याच्याकडून अपेक्षा होती.

फेब्रुवारीत एके संध्याकाळी ड्रायव्हर म्हणाला, “गुरुजी, ब्रेक मारला का गाडी डावीकडं ओढते.” गाडी रिकामी असताना जोरात ब्रेक दाबला, तर डांबरावर काळी रेघ उमटे, पण एकच आणि तीही मागच्या डाव्या चाकांची. शिवाय मुक्कामी येईपर्यंत डाव्या चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम इतका तापलेला असे की, क्लीनरने चमच्याने शिंपडलेले पाण्याचे थेंब चर्र करून उडून जात. उजव्या ड्रमवर मात्र खुशाल हात ठेवावा. ज्याला ताप, तोच रोगी, हे निदान करायला आम्हांला वैद्याची गरज वाटली नाही.

पहिल्या मिस्त्रीने डावे चाक खोलले आणि लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजल्याचे जाहीर केले. लायनर बदलायचे तर एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलावेत, हे त्यानेच सांगितले होते. परंतु चांगल्या चाकाला औषध कशाला पाजायचे, या मेहुण्याच्या बिनतोड युक्तिवादामुळे फक्त डाव्या बाजूला नवे लायनर बसले. आधी जे चाक नुसते ओढत होते, ते आता नव्या नवरदेवाच्या उत्साहाने ओढू लागले. दुसऱ्या मिस्त्रीने रिले व्हॉल्व्ह, म्हणजे मागच्या ब्रेकांना हवा सोडणारी झडप, बदलला. त्याने बिल चोख लिहून दिले. फरक काहीच पडला नाही. तिसऱ्याला ऑइल सीलचा संशय आला. सील फुटले की हाउसिंगमधले तेल लायनरवर येते आणि ब्रेक घसरतो, हे त्याचे ज्ञान अगदी खरे होते. दुर्दैवाने त्यानेही डावेच चाक खोलले, कारण तापलेल्या चाकाकडे बोट दाखवून आम्हीच ते खोलायला लावले. तोवर माझे अकरा हजार चारशे रुपये गेले होते आणि डाव्या चाकाचे नट क्लीनरला झोपेतही खोलता येऊ लागले होते.

शेवटी करंजीच्या वाटेवर दुकान असलेल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. सगळी हकिगत ऐकून त्यांनी डाव्या चाकाकडे पाहिलेसुद्धा नाही. “गुरुजी, गरम हाय तो काम करून राह्यला. थंडा कोन हाय, ते पाहा.” पोळ्याच्या गावात जन्म घालवूनही ही गोष्ट मला सुचली नव्हती, याची लाज वाटली. जोडीतला एक बैल अंग चोरू लागला की घाम दुसऱ्यालाच फुटतो; आणि आम्ही महिनाभर कष्टाळू बैलालाच औषध पाजत होतो.

रिले व्हॉल्व्हवर खर्च केल्याचे ऐकून चाचा हसले. बूस्टर म्हणजे हवेच्या दाबाने रॉड ढकलून ब्रेक लावणारा डबा. मागच्या दोन्ही बूस्टरांना हवा त्या एकाच व्हॉल्व्हमधून जाते, तेव्हा तो बिघडला तर दोन्ही चाकांना सारखाच त्रास देईल. डावे-उजवे असा पंक्तिप्रपंच त्याला जमत नाही. मी केबिनमधल्या मीटरचा दाखला दिला. त्यावर चाचांचे म्हणणे असे की, मीटर हवेचा दाब दाखवते, तो दाब लायनरपर्यंत पोहोचला की नाही, ते दाखवत नाही. ३० नंबरच्या बूस्टरला चौरस इंचामागे १०० पौंड हवा मिळाली की तो रॉडला ३००० पौंडांचा रेटा देतो. पण रॉडची सगळी धाव लायनर आणि ड्रम यांच्यामधली मोकळी जागा ओलांडण्यातच संपली, तर ड्रमच्या वाट्याला काय येणार?

मग त्यांनी चाकांना दगड लावले आणि हँडब्रेक सोडायला लावला, कारण तो ओढलेला असताना बूस्टरमधली स्प्रिंगच रॉड बाहेर ढकलून ठेवते. (त्या स्प्रिंगच्या डब्याचा पट्टा क्लीनर कुतूहलाने खोलू पाहत होता; तेव्हा चाचांनी जी आरोळी ठोकली, ती पाहता त्यांचे वय सत्तर असेल यावर माझा विश्वास उरला नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जातो.) खाली शिरून त्यांनी दोन्ही रॉडांवर, बूस्टरच्या तोंडाशी, खडूची खूण केली आणि विचारले, “पट्टी हाय का?”

माझ्या आयुष्यभराच्या विद्वत्तेपैकी या धंद्यात उपयोगी पडलेली ती एकमेव वस्तू. पिशवीतली लाकडी फूटपट्टी मी अभिमानाने पुढे केली. ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरला. डावी खूण सव्वा इंच बाहेर आली, उजवी सव्वादोन इंच. या बूस्टरला दोन इंचांपलीकडे रॉड जाऊ देऊ नये. उजवा रॉड आपल्या धावेच्या टोकाशी दमून उभा होता आणि त्याचे लायनर ड्रमला जेमतेम नमस्कार करत होते.

रॉड आणि लायनर यांच्यातली ढिलाई काढणारा सांधा म्हणजे स्लॅक ॲडजस्टर; आपोआप जुळणारे स्लॅक आमच्या ट्रकच्या नशिबी नव्हते. चाचांनी उजव्या स्लॅकचा बोल्ट लायनर ड्रमला टेकेपर्यंत पिळला, अर्धा फेरा मागे घेतला आणि पुन्हा मोजले: दीड इंच. उजवीकडेही नवे लायनर टाकण्याचा हुकूम करून त्यांनी मजुरी घेतली दोनशे रुपये.

उजवाच स्लॅक एवढा सैल का पडला, याचे उत्तर ड्रायव्हरने मान खाली घालून दिले. तो दर आठवड्याला स्लॅक आवळत असे, पण धाब्यावर थांबल्यावर. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी. डावीकडे सावली, बाज आणि चहा, उजवीकडे हैदराबादच्या भरधाव गाड्या. “तिकडून खाली शिरलो असतो तं पाय कोन वाचवले असते, गुरुजी?”

उजवीकडचे लायनर मेहुण्याने आणले. घासाघीस न करता त्याने केलेली ही पहिली खरेदी होय. आता मुक्कामी येणारा ट्रक मी उजवे अंग कडुनिंबाच्या सावलीत येईल असा उभा करायला लावतो, आणि ड्रायव्हर खाली शिरला की पट्टी घेऊन शेजारी उभा राहतो. मेहुण्याचे म्हणणे असे की, निवृत्त झाल्यावर तरी मी ती हातातून सोडावी.