हंगेरीचं इंग्रजीवाचून काही अडलं नाही, म्हणे!

मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम, हा वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात असा: 'हंगेरी जेमतेम एक कोटीचा देश. तिथे इंग्रजांचं राज्य नव्हतं, म्हणून इंग्रजीचं स्तोमही नव्हतं. शेक्सपिअर घोकणं ही गुलाम देशांची खोड. कम्युनिस्टांनी तर इंग्रजी हाकलूनच दिलं आणि कुणाचं काही अडलं नाही. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेल्यावर आलं ते सगळं उसनं.' मी मराठी माध्यमाच्याच बाजूचा आहे. पण आपली बाजू असल्या थापांवर उभी राहिलेली मला बघवत नाही.

राज्य नव्हतं, हे खरं. पण बुडापेस्ट विद्यापीठात इंग्रजीचा विभाग सुरू झाला १८८६ मध्ये. खुद्द ऑक्सफर्डात इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी त्यानंतरची, १८९० च्या दशकातली. डेब्रेत्सेन शहरातल्या विद्यापीठाचा विभाग १९३८ चा. तेव्हा ते १९८९ साल बाजूलाच ठेवू.

शेक्सपिअरचं म्हणाल तर हंगेरीवर अंमल व्हिएन्नाचा होता आणि राज्यकर्त्यांची भाषा जर्मन. काझिन्त्सी या लेखकाने १७९० मध्ये हॅम्लेट हंगेरियनमध्ये आणला तोही जर्मनवरून. पुढच्या पिढ्यांना हा वळसा नको होता. कवी पेतॉफीने केलेला शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस'चा अनुवाद १८४८ चा. पुढच्याच वर्षी तो क्रांतियुद्धात मारला गेला. त्याचा कवीमित्र यानोश अरान्य हा एका गावचा कारकून. तो घरच्या घरी इंग्रजी शिकला आणि १८६७ मध्ये त्याचा हॅम्लेट छापून आला. १८६४ ते १८७८ या काळात किश्फालुदी या साहित्यसंस्थेने सगळा शेक्सपिअर हंगेरियनमध्ये काढला आणि १९०८ पासून शेक्सपिअर-अभ्यासाला वाहिलेलं नियतकालिकही चालवलं. आपल्या भाषेची ताकद अजमावायला त्यांनी जाणूनबुजून जे केलं, त्याला गुलामी म्हणायचं? बरं, या शेक्सपिअरवेडाची चिकित्साही त्यांनीच केली. पेतेर दाविदहाझी या हंगेरियन अभ्यासकांनी शेक्सपिअरभोवतीची ही भक्ती थेट धर्मासारखी तपासली. तिच्यातली स्तोत्रं, तीर्थयात्रा, सगळं. त्यांचं पुस्तक १९९८ मध्ये इंग्रजीतही निघालं.

आता 'हाकलून दिलं'. शाळांत रशियन सक्तीचं झालं १९४९ मध्ये. डेब्रेत्सेनचा इंग्रजी विभाग १९५० मध्ये बंद पडला, सेगेद शहरातलाही. राहिला फक्त बुडापेस्टचा. इथवर मजकूर बरोबर आहे. पण डेब्रेत्सेनच्या विभागप्रमुखाचं, लास्लो ओर्साग यांचं पुढे काय झालं ते पाहा. विभाग गेल्यावर इंग्रजीच्या या प्राध्यापकाला काम मिळालं ते हंगेरियन शब्दांचे अर्थ हंगेरियनमध्येच देणाऱ्या कोशाचं. सात खंडांचा तो कोश १९५९ ते १९६२ मध्ये निघाला, त्याच्या दोन मुख्य संपादकांपैकी एक हेच. इंग्रजी-हंगेरियन कोश त्यांनी आधीच केला होता, त्याची मोठी आवृत्ती १९६० मध्ये आली. तिथे आजही कोश उघडायचा तर लोक 'ओर्साग बघ' म्हणतात. १९५७ मध्ये विभाग पुन्हा उघडला, ओर्साग परतले, १९६३ मध्ये तिथून इंग्रजी अभ्यासाचं वार्षिक सुरू झालं आणि १९६७ मध्ये त्यांनी अमेरिकन साहित्याचा इतिहास हंगेरियनमध्ये लिहिला. हे सगळं कम्युनिस्ट राजवटीत. हाकललेलं इंग्रजी सात वर्षांत परत आलं होतं.

आणि 'उसनं'? इथे तर मजकूर सपशेल उताणा पडतो. परभाषा माणूस का शिकतो, यावर जगभर वापरला जाणारा सिद्धान्त बुडापेस्टमध्ये शिकलेल्या झोल्तान ड्योर्न्येई यांचा आहे. कता चिझेर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९९३, १९९९ आणि २००४ अशी तीनदा तेरा-चौदा वर्षांच्या हंगेरियन मुलांची पाहणी केली. मुलं तेरा हजारांहून जास्त. विचारलं पाच भाषांबद्दल: इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, रशियन. तोवर मानलं जाई की ती भाषा बोलणाऱ्या समाजात मिसळायची ओढ शिकण्याला बळ देते. पण हंगेरीतल्या बहुतेक मुलांच्या आसपास इंग्रज माणूस औषधालाही नव्हता. मग ती मिसळणार कुणात? तरी पाहणीत ही ओढ सगळ्यात वजनदार ठरत होती. त्यावरून ड्योर्न्येईंनी मांडलं की मूल भविष्यातलं स्वतःचं जे चित्र मनाशी रंगवतं, त्यात ती भाषा बोलणारा 'मी' असतो आणि ओढ त्याची असते. इंग्रजांचं राज्य आणि शेजार दोन्ही नसलेल्या देशातच हा प्रश्न इतका उघडा पडू शकला.

बुडापेस्ट विद्यापीठातलेच पेतेर मेद्येश यांनी १९९४ मध्ये, इंग्रजी मातृभाषा नसलेला शिक्षक कुठे कमी पडतो आणि कुठे सरस ठरतो, यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं एक म्हणणं असं की ज्याने ती भाषा स्वतः धडपडून शिकलेली असते, त्याला विद्यार्थी नेमका कुठे अडखळणार ते आधीच कळतं. 'कॉन्व्हेंटची मॅडमच हवी' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पालकांना हे वाचायला द्यावं.

राहिलं 'कुणाचं काही अडलं नाही'. सामान्य हंगेरियन माणसाला परभाषा कमी येतात, हे युरोपीय संघाच्या पाहण्यांतही दिसतं. मात्र तिथे पदवीचं प्रमाणपत्र मिळवायला परभाषेची परीक्षा पास व्हावी लागायची. इंग्रजीच हवं असं नाही, पण बरेच जण तेच घेत. शेवटची परीक्षा देऊनही केवळ या अटीपायी हजारोंची प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं विद्यापीठांत पडून होती. २०२० मध्ये कोविडच्या निमित्ताने सरकारने अट माफ केली, तेव्हा कुठे ती त्यांच्या हाती आली.