सोंगं घेऊन धावणाऱ्यांची बाजू

जानेवारीचा तिसरा रविवार उलटला की मुंबईतला तोच वाद इथे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत येऊन पोचतो. मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमधले, म्हणजे हौशी धावेतले फेटेवाले, नऊवारीवाल्या, पुठ्ठ्याचे राक्षस म्हणजे धावण्याची थट्टा. जेमतेम सहा किलोमीटर रमतगमत जाणाऱ्यांसाठी दक्षिण मुंबई कशाला अडवायची? हा सूर लावणारे बहुतेक बेचाळीस किलोमीटरवाले. ते पहाटे पाचला निघतात तेव्हा हे राक्षस अंथरुणात असतात. मग पायात नक्की कोण येतं?

सॅन फ्रान्सिस्कोत दर मे महिन्यात बे टू ब्रेकर्स ही खाडीपासून समुद्रापर्यंतची शर्यत होते. 1906 च्या भूकंपानंतर शहराला उभारी द्यायला 1912 मध्ये सुरू झाली, अंतर 12 किलोमीटर. 1986 मध्ये लाखाच्या वर माणसं धावली होती. वेगवाले पुढे सुटतात आणि मागून केळी, पोप, डायनोसॉर येतात. तेरा जण एकमेकांना बांधून घेऊन गोम होतात, सगळ्यात पुढच्याच्या डोक्यावर मिशा लावून. प्रवाहाविरुद्ध पोहणारे साल्मन मासे झालेले काही जण तर समुद्राकडून खाडीकडे उलटे धावतात. त्यामुळे शर्यत बिघडली, असं इथे कोणी म्हणत नाही. दारू आणि ढकलत न्यायच्या रथांवर पुढे बंदी आली, कारण वाटेवरचे रहिवासी वैतागले होते. सोंगं मात्र तशीच राहिली.

शिवाय सोंग घेऊन धावणं सोपं नाही. पुठ्ठा खांद्यापेक्षा रुंद असेल तर सुरुवातीच्या गर्दीतच फाटतो. मुखवट्याला नाकाखाली भोक नसेल तर पहिल्या दोन किलोमीटरांत आत दव धरतं. रंग कपाळावर लावू नये, घामाबरोबर डोळ्यांत उतरतो. चमचमता कागद बिबवर, म्हणजे अंगावरच्या नंबराच्या कागदावर चढला तर वेळ मोजणारी चिप दगा देऊ शकते. बे टू ब्रेकर्सच्या सुरुवातीला लोक टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या भिरकावतात, त्या पायाखाली सरकतात. पहिले दोनशे मीटर मान खाली घालूनच जावं. मोठा झगा शेवटी समुद्रकाठच्या ग्रेट हायवेच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो. आधी तीन किलोमीटर पूर्ण वेशात धावून पाहिलं की यातलं निम्मं कळतं.

नऊवारीचं तर शास्त्रच आहे. शिवलेली नव्हे, नेसलेलीच हवी असेल तर आत सायकलिंग शॉर्ट्स, आणि काष्टा कंबरेला दुपट्यांच्या मोठ्या पिनांनी तीन ठिकाणी त्या शॉर्ट्सलाच टाचायचा. नुसता खोचलेला काष्टा घामाने सुटतो. काठ घोट्याच्या चार बोटं वर, नाहीतर चढावर चवडा निऱ्यांत अडकतो. पदर कमरेला बांधायचा. बिब पदरावर लावलं तर सरकतं, म्हणून पोटावर टाचायचं. फेट्याखाली घाम टिपणारी पट्टी हवी आणि शेमला आखूड.

घरच्यांनी उभं राहायचं ते हेज स्ट्रीटच्या चढावर, फिलमोर आणि स्टायनरच्या मध्ये. चढ अकरा टक्क्यांच्या वर आहे, सगळे मंदावतात आणि चेहरे ओळखू येतात. पण अ‍ॅलामो स्क्वेअर बागेच्या गवतावर नको, तिथून गर्दी ओलांडता येत नाही. हेजच्या दक्षिण बाजूला, म्हणजे धावणाऱ्याच्या डाव्या हाताला उभं राहा. आपलं माणूस गेलं की स्टायनरने खाली ड्युबोसपर्यंत चालत जा आणि एन-ज्युडा ट्राम पकडून शर्यतीच्या शेवटाला, ओशन बीचला गाठा. किलोमीटरला सात मिनिटं घेणाऱ्याला उरलेल्या आठ किलोमीटरांना पाऊण तासाच्या वर लागतो, तेवढ्यात घरचे पोचतात. पाच मिनिटांवाला असेल तर त्याची गाठ शेवटाला पडेलच, याचा भरवसा नाही. स्वेटर घरच्यांजवळच ठेवायचा. मे असला तरी किनाऱ्यावर धुकं आणि गार वारा असतो. फलकावर दोनच शब्द, वीतभर अक्षरं. शर्यतीला आई, आजी, मुलं कशाला येतात? घड्याळातली वेळ पाहायला नक्कीच नाही. सोंग पाहायला येतात, आणि एकदा आली की अनोळखी शेवटच्या भिडूलाही टाळ्या देतात. मुंबईतल्या वेगवाल्यांना हे फुकट मिळतंय, तरी तक्रार.

आता खरं सांगायचं तर इथल्या टाळ्यांत एक बोच आहे. नऊवारीत हेजचा चढ चढणारीला आरोळ्या मिळतात, पण त्या केळ्यालाही तेवढ्याच मिळतात. आजीचा रोजचा पेहराव इथे सोंगांच्या रांगेत बसतो, आणि आम्ही तो हौसेने तिथे बसवतो. म्हणूनच ड्रीम रनची कोणी टर उडवली की जरा जास्तच झोंबतं. मुंबईत काष्टा सुटायला लागला तर कडेची एखादी मावशी 'अगं, काष्टा सांभाळ!' म्हणून ओरडेल. इथे ओरडणारं कोणी नाही, म्हणून इथे पिना तीनऐवजी पाच लावाव्यात.