रंग कॉम्प्युटरचे, धूळ खरी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो मामांनी टाकला, त्यामुळे आता गप्प बसता येत नाही. सोबत चित्र आहे ते चिलीतल्या एपेक्स दुर्बिणीच्या सर्वेक्षणाचं: आकाशगंगेचा लांबच लांब पट्टा, निळसर पार्श्वभूमी आणि तिच्यावर निखाऱ्यांसारखे लाल पुंजके. मजकुरात चार मुद्दे आहेत. फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेला, म्हणून बनावट. आकाशगंगेतले काळे डाग ही रिकामी जागा, तिथे ढगबिग काही नाहीत. उणे अडीचशे अंशांवरची धूळ प्रकाश देते ही थाप. आणि जेम्स वेब ही दुर्बीण अवकाशात असताना डोंगरावर दुर्बिणी चालवणं ही उधळपट्टी.

सुरुवात काळ्या डागांपासून करतो, कारण ते मामांनाही नुसत्या डोळ्यांनी बघता येतील. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरातल्या अमावास्येच्या आसपास, शहराच्या दिव्यांपासून लांब जायचं. रात्री आठच्या सुमाराला हंस डोक्यावर असतो, पश्चिमेकडे झुकलेले अभिजित आणि श्रवण दिसतात. हंसापासून खाली धनू राशीकडे उतरणारा आकाशगंगेचा पट्टा मधोमध चिरल्यासारखा दिसतो. ती चीर म्हणजे जागा मोकळी आहे असं वाटणं साहजिक आहे. खुद्द खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल वृश्चिकेतला असा डाग बघून ‘इथे आकाशाला खरंच भोक आहे’ असं म्हणाले होते, ही आठवण त्यांच्या बहिणीने, कॅरोलाइनने, लिहून ठेवली आहे. म्हणजे फॉरवर्डची संगत चांगली आहे, फक्त उशीर दोनशे वर्षांचा झालाय.

पुढे खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड यांनी अशा डागांचे फोटो घेत घेत १९१९ साली १८२ डागांची यादी छापली. त्यातला ६८ क्रमांकाचा डाग भुजंगधारी तारकासमूहात आहे. साध्या प्रकाशात तो शाई सांडल्यासारखा काळाकुट्ट दिसतो, आत एक तारा नाही. तोच भाग अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड पकडणाऱ्या कॅमेऱ्याने टिपला की मागचे तारे दिसायला लागतात, आणि डागाच्या मध्याकडे जावं तसे ते जास्त जास्त लाल होत जातात. मध्ये धूळ असेल तरच असं घडतं. भोकातून सगळेच रंग सारखे आरपार गेले असते.

आता थंड धुळीच्या उजेडाबद्दल. करोनाच्या काळात प्रत्येक दारात कपाळावर एक पिस्तूल रोखलं जायचं, आठवतंय? ते कपाळातून बाहेर पडणारा उजेडच मोजत होतं. माणसाचं शरीर साधारण नऊ-दहा मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला सर्वाधिक उजळ असतं, आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही एवढंच. हिशेब सोपा आहे: केल्विनमधल्या, म्हणजे उणे २७३ अंशांना शून्य धरून मोजलेल्या, तापमानाने २,९०० ला भागा, सर्वाधिक उजेड किती मायक्रॉनवर ते मिळतं. फॉरवर्डमधलेच उणे २५० अंश घेऊ, म्हणजे २३ केल्विन. उत्तर येतं १२६ मायक्रॉन. तेव्हा धूळ चमकते, पण माणसाच्या डोळ्यापासून फार लांबच्या रंगात. १२६ मायक्रॉनचा हा उजेड आपली हवा गिळून टाकते, म्हणून त्यासाठी हर्शेल नावाची अवकाश दुर्बीण २००९ मध्ये पाठवली होती. २०१३ मध्ये तिला थंड ठेवणारं हेलियम संपलं. पण उजेडाची शेपटी आणखी लांब तरंगलांबीपर्यंत पसरलेली असते. ८७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या जरा आत, हवेत एक खिडकी आहे. अट एकच, हवेत बाष्प जवळजवळ नको. म्हणून अटाकामाच्या वाळवंटातलं ५,१०० मीटर उंचीचं चाहनंतोर पठार.

या शेपटीत एक फायदा दडलाय. एवढ्या लांब तरंगांना धुळीचे कण अडवू शकत नाहीत, त्यामुळे ढगाच्या पोटातला उजेडही बाहेर येतो. जितकी धूळ, तितका उजेड. तापमान आणि अंतर कळलं की ढगाचं वजन काढता येतं. वायू धुळीच्या साधारण शंभरपट धरतात. अंतर चुकलं की वजनही चुकतं, हे मान्यच. पण त्या लाल पुंजक्यांना वजन आहे.

फोटोच्या मुद्द्यावर मामांचं अर्धं मी आधीच मान्य करतो. तो फोटो नव्हेच. एपेक्सवरच्या लाबोका कॅमेऱ्यात २९५ बोलोमीटर होते, शून्याच्या वर जेमतेम ०.३ केल्विनपर्यंत थंड केलेले. उजेड पडला की ते किंचित तापतात, विद्युतरोध बदलतो, तो नोंदवला जातो. खरी कटकट हवेची, कारण ती स्वतःच ढगांपेक्षा कितीतरी जास्त चमकते. पण हवेची थरथर सगळ्या बोलोमीटरना एकदम जाणवते, ढग मात्र दुर्बीण फिरेल तसा एकेकासमोरून सरकतो. म्हणून सगळ्यांना सारखं जे दिसलं ते वजा करायचं. यात दूरवर पसरलेली मंद धूळही कापली जाते. ती प्लँक उपग्रहाच्या नोंदींतून पुन्हा भरून घेतली. चित्रातला लाल रंग एपेक्स आणि प्लँकचा, निळी पार्श्वभूमी स्पिट्झर दुर्बिणीची. रंग माणसांनी ठरवले, हे खरं. पण सोनोग्राफीत बाळ काळं-पांढरं दिसलं म्हणून ते बनावट आहे असं कुणी डॉक्टरला सांगत नाही.

वेबचं थोडक्यात. वेबचा पल्ला सुमारे २८ मायक्रॉनपर्यंत. ८७० त्याच्या तीसपट लांब. काही ढग तर इतके दाट आहेत की अवरक्त चित्रातही ते काळेच राहतात. शिवाय वेब एका वेळी आकाशाचा अगदी चिमुकला तुकडा बघते, तर हे सर्वेक्षण ४२० चौरस अंशांचं, म्हणजे पौर्णिमेचे दोन हजारांहून जास्त चंद्र शेजारी शेजारी मांडल्यासारखं. गट नंबर माहीत नसताना मोजणीदार बोलावून काय उपयोग?

कुणीतरी खाली विचारलंय, मग हे काम आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने का नाही केलं? नारायणगावला गेलात तर त्या ४५ मीटरच्या तबकड्या जरूर बघा. त्या तारेच्या जाळीच्या आहेत, जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. वीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब रेडिओ तरंगांना ती जाळी आरशासारखी; मिलिमीटरहून लहान तरंग मात्र सरळ आरपार जातील. एपेक्सच्या १२ मीटर तबकडीचा पृष्ठभाग १७ मायक्रॉनच्या आत नेमका आहे. दोघींची कामं वेगळी.

या लाल पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास दाट गोळे सापडले. मोठे तारे घडवण्याइतक्या जड गोळ्यांमध्ये अजून एकही तारा न पेटलेले फारच थोडे निघाले. शाळेत बालवर्गात मुलं कमी दिसली तर दोनच कारणं: एकतर मुलं कमी जन्मली, नाहीतर बालवर्ग फार थोडे दिवस चालतो. इथे दुसरं कारण लागू पडतं असं संशोधकांनी काढलं, आणि त्या थंड, अंधाऱ्या अवस्थेचा काळ आला सुमारे ७५,००० वर्षं. आकाशगंगेच्या हिशेबात हे डोळ्याचं पातं लवण्याइतकंच. मामांना एवढंच लिहून पाठवलंय, अजून निळ्या टिका आलेल्या नाहीत.