धूळपाटीवरची भिंगरी

रविवारी दुपारी जेवण जरा जड झालं होतं. अशा वेळी शहाण्या माणसाने आडवं व्हावं. मी लॅपटॉप उघडला. एका मराठी ज्ञानकोशावर, जिथे कोणीही उठून लेख दुरुस्त करू शकतो, दोन ओळींचं एक पान समोर आलं: ‘निकोलाय लिओंटोविच हे रशियन संगीतकार होते. त्यांनी ख्रिसमसचे गाणे लिहिले.’ दोन वाक्यं आणि चार चुका. नाव चूक, आडनाव चूक, देश चूक आणि ख्रिसमसही चूक. “दहा मिनिटांत आलो,” असं मी बायकोला म्हणालो. त्याला आता तिसरा आठवडा चालू आहे.

नाव मिकोला, हे चटकन झालं. आडनावात मात्र ‘त’ आहे, आपल्या तांदळातला, दातांना जीभ लागणारा. लेओन्तोविच. आपण सगळी दुनिया इंग्रजीच्या खिडकीतून बघतो म्हणून त्याचा ‘ट’ झाला. मी ‘त’ केला. सकाळी बघतो तर एका सदस्याने संपादन उलटवलं होतं. कारण दिलं होतं, ‘इंग्रजीत टी आहे. संदर्भ द्या.’ आता ‘त’ला संदर्भ कुठला देणार? मी चर्चा पानावर तीन परिच्छेद लिहिले. मागून आई डोकावली.

“कोण रे हा? आपल्यातला का?”

“नाही गं, युक्रेनचा.”

“मग त्यांच्याकडची माणसं लिहितील की.”

उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मग माहितीचौकट. ती दिसायला निरुपद्रवी असते, शाळेच्या प्रवेश अर्जासारखी. जन्मतारीख: त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १ डिसेंबर १८७७, आपल्या कॅलेंडरप्रमाणे १३ डिसेंबर. तिथी की तारीख हा वाद महाराष्ट्राला नवा नाही, म्हणून मी निमूटपणे दोन्ही घातल्या. चौकटीचा साचा, म्हणजे तिचा ठरीव नमुना, चिडला. त्याला एकच तारीख पचते. जन्मस्थळ मोनास्तिरोक, तेव्हाच्या रशियन साम्राज्याच्या पोदोलिया प्रांतातलं, आजच्या युक्रेनच्या विन्नित्सिया भागातलं. मृत्युस्थळ मार्किव्का. त्यापुढे कोणीतरी उदार मनाने ‘सोव्हिएत संघ’ लिहून ठेवलं होतं. बाबा रे, माणूस गेला २३ जानेवारी १९२१ ला आणि संघ स्थापन झाला ३० डिसेंबर १९२२ ला. लग्न ठरायच्या आधीच बारशाची पत्रिका छापावी तसं झालं हे.

‘पेशा’च्या रकान्यात फक्त ‘संगीतकार’. खरं तर हा गृहस्थ आयुष्यभर गाण्याचा मास्तर होता. पाद्र्याचा मुलगा, शिकला पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, पण पाद्री काही झाला नाही. ह्रिशिने नावाच्या रेल्वे स्टेशनच्या गावी मास्तरकी करताना त्याने रेल्वे कामगारांचं वृंदगान उभं केलं. (तेच गाव आज पोक्रोव्स्क म्हणून युद्धाच्या बातम्यांत येतं.) नंतर तुल्चिनला मुलींच्या शाळेत. मी ‘शिक्षक’ असं जोडलं. हे संपादन मात्र कोणी उलटवलं नाही. शिक्षकांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही.

खरी पंचाईत गाण्याने केली. त्याचं नाव ‘श्चेद्रिक’. पहिल्यांदा गायलं गेलं १९१६ मध्ये, कीवमध्ये, ओलेक्सांद्र कोशित्सच्या विद्यार्थी गायकवृंदाकडून. सगळा डोलारा एका टीचभर सुरावटीवर उभा आहे. मी हार्मोनियमवर काढून बघितली: कोमल ग, रे, कोमल ग, सा. चार टिंबं, त्यात सूर तीनच. ती फिरत राहते, आणि भोवती बाकीचे आवाज एकेक करून चढत जातात. डोक्यात बसली की उतरत नाही. आमचा कुकर शिट्टीआधी त्याच ठेक्यात थरथरतो, हे मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. आईसुद्धा पोळ्या लाटताना गुणगुणत होती. विचारलं तर म्हणाली, “मी? छे!”

जग या गाण्याला घंटांचं ख्रिसमस-गीत म्हणून ओळखतं. ते इंग्रजी शब्द पीटर विल्हाउस्कीने १९३६ मध्ये घातले. मूळ गाण्यात ना घंटा, ना ख्रिसमस. जुन्या पंचांगाच्या वर्षअखेरीला, म्हणजे १३ जानेवारीच्या संध्याकाळी, दारोदार जाऊन म्हणायचं हे गाणं. एक भिंगरी, पक्षी बरं का, घरात शिरते आणि यजमानाला हाका मारते: बाहेर ये, गोठ्यात बघ, मेंढ्या व्याल्या, कोकरं झाली, माल उत्तम आहे, पैसा मिळेल. आणि पैसा नाही मिळाला, नुसता भुसा हाती आला, तरी काळ्याभोर भुवयांची बायको आहेच की तुला!

हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “भुसा कोणाच्या वाट्याला?”

मला लगेच आपला वासुदेव आठवला. पहाटे दारात येऊन गाणारा, घरधन्याचं भलं चिंतणारा. लेखात एक वाक्य टाकलं. अकरा मिनिटांत उडालं: ‘स्वतंत्र मत. संदर्भ हवा.’ बरोबर आहे. वासुदेवाने कुठे तळटीप दिली होती?

मग पक्ष्यावरून भांडण. एकाने ‘चिमणी’ केलं, दुसऱ्याने ‘पाकोळी’. मी ‘भिंगरी’वर अडून बसलो. शेवटी प्रचालकांनी, म्हणजे ज्ञानकोशाच्या कारभाऱ्यांनी, पान कुलूपबंद केलं आणि मी माझ्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, येऊन बसलो.

तिथे बसून या माणसाबद्दल आणखी वाचलं आणि जरा धीर आला. हे एवढंसं गाणं तो वर्षानुवर्षं बदलत होता. पुन्हा लिही, पुन्हा खोड. तरुणपणी गाण्यांचा एक संग्रह छापला, तो मनाला उतरला नाही म्हणून प्रती स्वतःच विकत घेऊन नष्ट केल्या, असं सांगतात. म्हणजे इथे स्वतःचंच संपादन उलटवणारा सदस्य होता. आमचं जमलं असतं.

राहिला एक रकाना: ‘मृत्यूचे कारण’. मार्किव्काला तो वडिलांच्या घरी आला होता. त्या रात्री एका परक्याने आसरा मागितला. घरच्यांनी दिला. पहाटे त्याच पाहुण्याने त्याला गोळी घातली. पाहुणा चेकाचा, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा, माणूस होता. वय त्रेचाळीस. पावणेदोन वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९२२ ला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कोशित्सच्या वृंदाने श्चेद्रिक गायलं.

साचा म्हणतो, कारण तीन शब्दांत लिहा. मी ‘गोळी घालून हत्या’ असं लिहिलं. जतन करा दाबलं. त्या रात्री कुकर, ठेका वगैरे काही ऐकू आलं नाही.

काल कुलूप निघालं. वर्ग ‘ख्रिसमस गीते’ काढून मी पहिली ओळ तपासली. लिओंटोविच. ‘ट’ परत आला होता.

लॅपटॉप मिटून गॅलरीत गेलो. जानेवारी चाललाय. युक्रेनात आत्ता एक भिंगरी दिसायची नाही. फार पूर्वी तिथलं नवं वर्ष वसंतात यायचं, तेव्हाचं ते गाणं. पुढे नवं वर्ष थंडीत सरकलं, पक्षी गाण्यातच राहून गेला. आमच्या समोरच्या तारेवर मात्र बारा-पंधरा माळभिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या, थंडीसाठी उत्तरेकडून आलेल्या. त्या युक्रेनच्या आहेत असं मी म्हणत नाही. संदर्भ नाही.

“मेंढ्या व्याल्या का?” आतून बायको.

“भुसा,” मी म्हणालो.