वॉर्डातला ‘नॉर्मल’ रिपोर्ट फसवा असू शकतो
‘दाखल असताना लिपिड प्रोफाइल नॉर्मल आलं तर काळजी नको’ हे तुमच्या कोलेस्टेरॉलवरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. (लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी.) हार्ट अटॅकनंतर साधारण 24 तासांनी एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) घसरू लागतं, पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. मोठ्या जंतुसंसर्गात, ऑपरेशननंतरही तेच. माझ्या वडिलांचा उशिरा काढलेला रिपोर्ट असाच छान आला आणि नातेवाईक कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा म्हणून मागे लागले! डॉक्टरांनी दाखल केलं त्या रात्रीचा रिपोर्ट समोर ठेवला, त्यात एलडीएल चांगलंच वाढलेलं होतं.

शिवाय फक्त एकूण कोलेस्टेरॉल मोजून रुग्णांची टक्केवारी काढू नका. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी आरोग्य पाहणीत भारतातल्या 81 टक्के प्रौढांत लिपिडचा काही ना काही बिघाड होता, पण कोलेस्टेरॉल वाढलेले फक्त 24 टक्के. बहुतेकांचं एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी होतं.